यंत्राचा दोष आणि शेतकऱ्याचें नुकसान : सॉफ्टवेअर पुरविणाऱ्यांची कायदेशीर जबाबदारी

रत्नागिरी जिल्ह्यांतील बागाईतदाराचा पैशाचा व्यवहार अलीकडे पुष्कळसा मोबाईलवर आला आहे. आंब्याची पट्टी झाली कीं अडत्याकडून रक्कम परभारें बँकेंत जमा होते. खताचें व औषधांचें बिल मोबाईलवरून भागविलें जातें. फळपिकांचा विमा संकेतस्थळावर नोंदला जातो. आणि महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून सात-बाऱ्यावरील पिकाची नोंदसुद्धां शेतकऱ्यानें ई-पीक पाहणीच्या अॅपवर स्वतः करावयाची पद्धत सुरू झाली. या सर्व सोयींच्या मुळाशीं सॉफ्टवेअर, म्हणजे यंत्राला काम नेमून देणारी आज्ञावली असते. ती माणसानेंच लिहिलेली असल्यामुळें तींत चुका राहणें स्वाभाविक आहे. अशी चूक झाली व तिच्यापायीं शेतकऱ्याचा पैसा गेला, तर तो भरून देण्याची जबाबदारी कोणावर येते, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

या बाबतींत दोन समज आढळतात. "यंत्रानें केलें, त्याला कोण काय करणार?" असें म्हणून कित्येक जण गप्प बसतात. उलटपक्षीं, ज्याचें सॉफ्टवेअर त्यानें सर्व नुकसान भरून दिलेंच पाहिजे, असें दुसऱ्या कित्येकांस वाटतें. हे दोन्हीं समज कायद्यास धरून नाहींत. कायदा यंत्राला जाब विचारीत नाहीं. तें काम पैसे घेऊन अंगावर कोणीं घेतलें होतें, त्यानें काय कबूल केलें होतें, व तें पार पाडण्यांत त्यानें योग्य ती काळजी घेतली कीं नाहीं, हें तो विचारतो. एवढें सूत्र ध्यानांत धरलें म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपें जाईल.

सॉफ्टवेअर हा माल कीं सेवा?

बियाणें, खत, पंप या वस्तु हातांत घेऊन पाहतां येतात. सॉफ्टवेअर तसें पाहतां येत नाहीं. तेव्हां त्यास माल म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या देशांत विक्रीकराच्या निमित्तानें न्यायालयापुढें आला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं असा निर्णय दिला कीं, तबकडीवर भरून बाजारांत तयार विकलें जाणारें सॉफ्टवेअर हा माल होय. हा निर्णय करापुरता होता हें खरें. तथापि, सॉफ्टवेअर अमूर्त आहे एवढ्यावरून तें विकणारा मालाच्या कायद्यांतून सुटत नाहीं, हें त्यावरून स्पष्ट झालें.

आपण शेतकरी जीं अॅपें वापरतों तीं मात्र बहुधा कोणी स्वतंत्रपणें विकत देत नाहीं. बँक, विमा कंपनी किंवा यंत्रविक्रेता आपल्या सेवेचा एक भाग म्हणून तीं वापरावयास देतो. म्हणून आपल्या दृष्टीनें "सदोष माल" या मुद्द्यापेक्षां "सेवेंतील उणीव" हा मुद्दा अधिक उपयोगाचा आहे.

याचें आणखी एक कारण आहे, व तें सहसा लक्षांत येत नाहीं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यांत सदोष उत्पादनाबद्दलच्या जबाबदारीचें स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु त्या प्रकरणापुरती "हानि" या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तींत मृत्यु, शारीरिक इजा, आजार, इतर मालमत्तेची नासाडी, अशा गोष्टी येतात. निव्वळ व्यापारी किंवा आर्थिक तोटा तींतून स्पष्ट शब्दांत वगळला आहे. समजा, आंबा पिकविण्याच्या खोलीचें तापमान संभाळणारी आज्ञावली बिघडली व खोलींतील फळ नासलें, तर ती मालमत्तेची हानि म्हणून मांडतां येण्यासारखी आहे. परंतु हिशेबाच्या आज्ञावलीनें पेट्यांची बेरीज चुकविली व त्यामुळें शंभर पेट्यांचे पैसे कमी आले, तर तो निव्वळ आर्थिक तोटा. तो त्या प्रकरणाखालीं मागतां येत नाहीं. त्याकरितां याच कायद्यांतील सेवेंतील उणिवेची तरतूद, किंवा १८७२ सालचा करार कायदा, यांचा आधार घ्यावा लागतो. तक्रार लिहितांना चुकीचें कलम धरलें तर खरी तक्रारही लंगडी पडते, यासाठीं हा भेद जाणून असावें.

शेतकरी हा ग्राहक आहे काय?

व्यापारासाठीं माल किंवा सेवा घेणारा मनुष्य ग्राहक कायद्याच्या कक्षेंत येत नाहीं. आंबा विकून पैसा मिळवितो तो बागाईतदार व्यापारी ठरतो काय? कायद्यांतच याचें उत्तर आहे. स्वतः काम करून उदरनिर्वाह चालविण्यासाठीं घेतलेल्या वस्तूचा किंवा सेवेचा उपयोग व्यापारी मानला जात नाहीं. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं शेतीसाठीं बियाणें घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असें ठरविलें. त्याच निर्णयांत दुसरा एक महत्त्वाचा मुद्दा आहे. शेतकरी सर्व बियाणें पेरून टाकतो. पुढें तपासणीस लागेल म्हणून तो त्यांतील कांहीं जपून ठेवील अशी अपेक्षा त्याच्याकडून करतां येत नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. सॉफ्टवेअरच्या बाबतींत हा विचार फार मोलाचा आहे. कारण आज्ञावलीच्या आंत काय घडलें, याची नोंद शेतकऱ्याच्या हातीं कधींच नसते. ती पुरविणाऱ्याच्याच यंत्रांत असते.

मात्र एक अट विसरूं नये. मोबदला दिला असेल तरच ग्राहक. फुकट मिळणाऱ्या हवामानाच्या अॅपनें उद्यां पाऊस नाहीं म्हणून सांगितलें, त्यावर विसंबून फवारणी केली व रात्रीं पावसानें सर्व औषध धुवून नेलें, तर त्याबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मिळणें कठीण आहे. एक तर मोबदला दिलेला नाहीं. आणि दुसरें, अंदाज हा अंदाजच असतो, ती हमी नव्हे. याउलट बँकेचें अॅप वेगळे पैसे न घेतां मिळालें, तरी तें खात्याच्या सेवेचा भाग असतें. त्यास फुकटचें म्हणून बँकेस हात झटकतां येत नाहींत.

"मान्य आहे" या शब्दांचें वजन

कोणतेंही अॅप प्रथम उघडतांना अटींचें एक लांबलचक कलमपत्र समोर येतें व खालीं "मान्य आहे" असें लिहिलेलें असतें. न वाचतांच त्यावर बोट टेंकविण्याची सर्वांस संवय आहे. त्या अटींत बहुधा असें असतें कीं, कोणत्याही नुकसानीस कंपनी जबाबदार नाहीं. किंवा असलीच तर दिलेल्या शुल्काइतकी.

अशी अट बांधते काय? भारती निटिंग कंपनी विरुद्ध डी.एच.एल. या दाव्यांत कुरियरनें पाठविलेलीं कागदपत्रें वेळेवर न पोंचल्यामुळें पाठविणाराचें मोठें नुकसान झालें होतें. परंतु सही केलेल्या पावतीवर १०० डॉलरांची मर्यादा छापलेली होती, आणि १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तीच मर्यादा कायम केली. तेव्हां सही केलेली अट ही केवळ कागदी बाब आहे, असें समजून चालूं नये.

त्याच १९९६ सालीं इंग्लंडांतील अपील न्यायालयापुढें ठीक सॉफ्टवेअरचाच एक दावा आला. सेंट आल्बन्स येथील नगरपरिषदेनें डोईपट्टीच्या आकारणीसाठीं इंटरनॅशनल कॉम्प्युटर्स लिमिटेड या कंपनीकडून आज्ञावली घेतली होती. तिच्यांतील चुकीमुळें गांवची लोकसंख्या २,९६६ नें अधिक मोजली गेली, त्या आधारावर पट्टीचा दर कमी बसविला गेला, आणि परिषदेस सुमारें १३ लाख पौंडांचा तोटा आला. करारांत कंपनीची जबाबदारी १ लाख पौंडांपुरती होती. न्यायालयानें ती मर्यादा वाजवी नाहीं म्हणून बाजूस सारली. कंपनी मोठी, तिनें अशा जबाबदारीसाठीं ५ कोटि पौंडांचा विमा उतरविलेला, आणि परिषदेस तिच्या छापील अटींवाचून दुसरा मार्ग नव्हता, हीं त्याचीं कारणें होतीं. भरपाईच्या रकमेंतून मात्र अपिलांत कांहीं भाग कमी केला गेला. कारण पट्टीचा जो भाग परिषद पुढील वर्षीं रहिवाशांकडून वसूल करूं शकत होती, तो तिचा खरा तोटा नव्हे.

इंग्लंडांत १९७७ पासून अन्यायकारक अटींविरुद्ध स्वतंत्र कायदा होता. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक कायद्यानें "अन्यायकारक करार" ही कल्पना आणली. ग्राहकाच्या हक्कांत मोठा फरक पाडणारी, त्याच्यावर अवाजवी बोजा टाकणारी अट रद्दबातल ठरविण्याचा अधिकार राज्य आयोगास व राष्ट्रीय आयोगास आहे. जिल्हा आयोगास तो दिलेला नाहीं. म्हणून कंपनीच्या छापील अटीलाच आव्हान द्यावयाचें असेल तर दावा कोठें लावावयाचा, हें वकिलाच्या सल्ल्यानें आरंभींच ठरवावें.

कोणतें नुकसान मागतां येतें?

करार कायद्याच्या ७३ व्या कलमाप्रमाणें दोन प्रकारची भरपाई मिळते: करारभंगापासून सहजगत्या होणारें नुकसान, आणि असा करारभंग झाला तर जें नुकसान होईल याची दोन्हीं पक्षांस करार करतेवेळींच जाणीव होती तें. दूरचें, आडवळणाचें नुकसान मिळत नाहीं. पिकविण्याच्या खोलीचें यंत्र घेतांना "यांत हापूस ठेवावयाचा आहे, व तापमान बिघडल्यास सर्व फळ जाईल" असें विक्रेत्यास लेखी कळविलें असेल, तर नासलेल्या फळाची किंमत मागण्यास बळकटी येते. परंतु त्यामुळें गिऱ्हाइकें तुटलीं व पुढील दोन हंगाम मंदीचे गेले, ही मागणी टिकणें दुरापास्त. तसेंच नुकसान झाल्यावर हात बांधून बसतां येत नाहीं. जें फळ वांचण्यासारखें होतें तें वेळींच बाहेर काढलें नाहीं, तर तेवढी रक्कम वजा होते.

बँकेचें अॅप व खात्यांतून गेलेला पैसा

सॉफ्टवेअरच्या निमित्तानें होणाऱ्या नुकसानीपैकीं शेतकऱ्यास सर्वांत जवळचें म्हणजे खात्यांतून परस्पर पैसे जाणें. येथें कायद्यापेक्षां रिझर्व्ह बँकेचे नियम अधिक नेमके आहेत. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें रिझर्व्ह बँकेनें व्यापारी बँकांच्या ग्राहकांची जबाबदारी मर्यादित केली, व डिसेंबर २०१७ मध्यें सहकारी बँकांसही तसेच नियम लावले. त्यांचा सारांश असा: दोष बँकेचा असेल तर ग्राहकानें कळविलें असो वा नसो, ग्राहकाची जबाबदारी शून्य. दोष बँकेचाही नाहीं व ग्राहकाचाही नाहीं, मधल्या यंत्रणेंत कोठें तरी आहे, अशा वेळीं बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या ३ दिवसांत कळविल्यास जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळविल्यास ठराविक मर्यादेपर्यंत, व ती साधारण बचत खात्यास १०,००० रुपये ठरविली होती. ग्राहकानें स्वतःच गुप्त शब्द किंवा ओटीपी दुसऱ्यास सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचें सर्व नुकसान त्याचें, कळविल्यानंतरचें बँकेचें. आणि ग्राहक दोषी आहे हें शाबीत करण्याचा भार बँकेवर. हे नियम वेळोवेळीं सुधारले जातात. म्हणून आपल्या बँकेकडून चालू नियमांची प्रत मागून घ्यावी.

हे नियम केवळ कागदावर राहिलेले नाहींत. मुंबई उच्च न्यायालयानें जून २०२४ मध्यें बँक ऑफ बडोदा हिला एका कंपनीच्या खात्यांतून गेलेले सुमारें ७६ लाख ९० हजार रुपये परत करण्याचा आदेश दिला. लोकपालानें पूर्वीं तीच तक्रार फेंटाळली होती. जानेवारी २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्टेट बँकेचें अपील फेंटाळून एका ग्राहकास ९४ हजारांवर रक्कम परत देण्याचा गौहाटी उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. तो ग्राहक चोवीस तासांच्या आंत बँकेकडे गेला होता, ही गोष्ट त्यांत निर्णायक ठरली. त्याच वेळीं ग्राहकांनीं सावध असावें व ओटीपी कोणासही देऊं नये, असेंही न्यायालयानें बजाविलें.

दोष दोहोंकडे असेल तर काय होतें, याचें उदाहरण पुण्याचें आहे. पूना ऑटो अॅन्सिलरीज या कारखान्याच्या खात्यांतून फसव्या पत्रामुळें ८० लाखांवर रक्कम गेली. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनीं २०१३ सालीं न्यायनिर्णय अधिकारी या नात्यानें पंजाब नॅशनल बँकेस ४५ लाख देण्यास सांगितलें. बँकेची सुरक्षा ढिली होती, म्हणून बँकेस द्यावें लागलें. तक्रारदारानें फसव्या पत्रास उत्तर दिलें होतें, म्हणून सर्व मिळालें नाहीं. ५ कोटि रुपयांपर्यंतच्या मागण्या या अधिकाऱ्यापुढें नेतां येतात.

विम्याचें संकेतस्थळ

आंबा व काजू यांच्या हवामान आधारित विम्यांत प्रत्येक बागेची पाहणी होत नाहीं. महसूल मंडळांतील हवामान केंद्रानें नोंदलेलें तापमान, पाऊस व वारा यांवरून भरपाई ठरते. म्हणजे एक यंत्र आंकडे नोंदतें, दुसरें त्यांचा हिशेब करतें, आणि त्याही आधीं शेतकऱ्याचें नांव, गट क्रमांक व खाते क्रमांक संकेतस्थळावर बिनचूक चढलेले असावे लागतात. या साखळीची एक कडी तुटली तरी हप्ता भरूनही भरपाई मिळत नाहीं.

कर्जदार शेतकऱ्याचा विमा बँक किंवा विकास सोसायटी उतरविते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत असें स्पष्ट म्हटलें आहे कीं, बँकेच्या शाखेच्या किंवा सोसायटीच्या चुकीमुळें, वगळण्यामुळें शेतकरी लाभास मुकला, तर तें नुकसान त्या संस्थेनेंच भरून द्यावयाचें. "संकेतस्थळ चालत नव्हतें" हें उत्तर ऐकून परत फिरण्याचें कारण नाहीं. हप्ता कापल्याची तारीख व संकेतस्थळावरील नोंदीची पावती, हे दोन कागद जुळतात कीं नाहीं तें पाहावें.

नुकसानीची सूचना ७२ तासांत अॅपवर किंवा दूरध्वनीनें दिली नाहीं, म्हणून भरपाई नाकारण्याचा प्रसंग २०२० च्या खरिपांत उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत घडला. सोयाबीनचें पीक अतिवृष्टीनें गेलें होतें. सुमारें साडेतीन लाख शेतकऱ्यांचा प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मे २०२२ मध्यें बजाज अलियान्झ या विमा कंपनीस भरपाई देण्याचा आदेश केला, व सप्टेंबर २०२२ मध्यें तो सर्वोच्च न्यायालयांत कायम झाला. वीज नाहीं, नेटवर्क नाहीं अशा स्थितींत अॅपवर सूचना देतां आली नाहीं, एवढ्यावरून खरें नुकसान खोटें ठरत नाहीं, हा त्याचा बोध. तरीही त्यांत दोन वर्षें गेलीं, हेंही विसरूं नये.

हिशेबाचें यंत्र खोटें बोलतें तेव्हां

आतांपर्यंत सांगितलेल्या सर्व दाव्यांत खरा झगडा पुराव्याचा असतो. यंत्रांतून निघालेला छापील आंकडा लोकांस खरा वाटतो. या विश्वासाचा केवढा अनर्थ होऊं शकतो, हें इंग्लंडच्या पोस्ट खात्यानें दाखवून दिलें. फुजित्सु कंपनीनें बनविलेली "होरायझन" नांवाची हिशेबाची आज्ञावली तेथील पोस्टांत १९९९ पासून बसविली गेली. तिच्या हिशेबांत गांवोगांवच्या पोस्टमास्तरांच्या शिलकेंत तूट दिसूं लागली. करार असा होता कीं तूट पोस्टमास्तरानें भरावयाची. कित्येकांनीं घरचे पैसे घालून ती भरली. ९०० हून अधिक जण चोरी, अफरातफर व खोटे हिशेब यांबद्दल दोषी ठरले. कांहीं तुरुंगांत गेले. २०१९ सालीं तेथील उच्च न्यायालयानें त्या आज्ञावलींतच अशा तुटी निर्माण करणारे दोष असल्याचें ठरविलें, आणि २०२४ सालीं पार्लमेंटनें स्वतंत्र कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. भरपाईचा मुख्य भार सरकारी खजिन्यावर पडला; भरपाईंत वांटा उचलणें हें आपलें नैतिक कर्तव्य आहे, असें आज्ञावली बनविणाऱ्या कंपनीनें २०२४ सालीं कबूल केलें.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, ज्याच्याशीं आपला करार असतो त्याच्याकडेच प्रथम मागणी करावी लागते. पडद्यामागील आज्ञावलीकर्त्यापर्यंत आपला हात क्वचितच पोंचतो. बँकेनें वा विमा कंपनीनें आपल्या पुरवठादाराकडून नंतर काय वसूल करावयाचें तें करावें. दुसरी, यंत्राच्या हिशेबासमोर ठेवण्यास आपल्यापाशीं आपला स्वतंत्र कागद असला पाहिजे. आपल्या देशांत १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणें संगणकांतील नोंद पुराव्यांत आणावयाची तर तिच्यासोबत ठराविक नमुन्याचें प्रमाणपत्र लागतें. ही अट बँकेस आहे तशीच आपल्यासही आहे. म्हणून मोबाईलवरील संदेश पुसून टाकूं नयेत, व शक्य तों मूळ मोबाईल जपून ठेवावा.

प्रत्यक्ष काय करावें?

(१) कोणतेंही यंत्र किंवा सशुल्क आज्ञावली घेतांना तिचा उपयोग कशासाठीं आहे तें पत्रानें कळवावें, व दुरुस्ती किती तासांत होईल, बिघाडामुळें झालेल्या नुकसानीची हमी काय, हें पैसे देण्यापूर्वीं लिहून घ्यावें. तोंडी आश्वासनास पुढें साक्षीदार मिळत नाहीं.

(२) पेट्यांची, रकमांची व विम्याची नोंद साध्या वहींत तारीखवार ठेवावी. बागेंत पर्जन्यमापक व तापमापक असल्यास रोजचें मोजमाप त्याच वहींत लिहावें. हवामान केंद्राच्या आंकड्यावर हरकत घेतांना तिचा आधार होतो.

(३) खात्यांतून अनोळखी रक्कम गेल्याचें कळतांच प्रथम बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें, व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. दुसऱ्या दिवसावर ढकलूं नये. वर सांगितलेल्या सर्व सवलती वेळेवर अवलंबून आहेत.

(४) बँकेकडून ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करतां येते. विम्याच्या तक्रारीस जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा तक्रार निवारण समिति आहे.

(५) ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षें आहे. कंपनी मुंबईची असो वा बंगळूरची, तक्रारदार जेथें राहतो तेथील जिल्हा आयोगांत तक्रार चालते. रत्नागिरी जिल्ह्यांतील रहिवाशास ती रत्नागिरींतच करतां येते. नुकसान किती, यावर नव्हे, तर दिलेला मोबदला किती, यावर आयोगाची पायरी व शुल्क ठरतें. ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याचे दावे जिल्हा आयोगापुढें चालतात, व ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क लागत नाहीं. सल्ल्यासाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक आहे.

(६) सरकारी संकेतस्थळाच्या किंवा विनाशुल्क सरकारी अॅपच्या चुकीबद्दल ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा उपयोगी पडत नाहीं. प्रथम तलाठी व तहसीलदार यांजकडे लेखी दुरुस्ती मागावी व पोंच घ्यावी. तेवढ्यानें न भागल्यास उच्च न्यायालयांत रिट अर्जाचा मार्ग राहतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथें मुंबई उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच सुरू झालें असून रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेंत येतो. त्यामुळें मुंबईची फेरी टळली आहे.

संस्थांनीं करावयाचें काम

एकट्या बागाईतदारास मोठ्या कंपनीची छापील अट बदलून घेतां येत नाहीं, हें उघड आहे. परंतु पन्नास बागाईतदार मिळून एकच हिशेबाची आज्ञावली किंवा एकाच जातीचें यंत्र घेणार असतील, तर विक्रेत्यास त्यांचें ऐकावें लागतें. सहकारी संस्थांनीं अशी खरेदी करतांना तीन कलमें करारांत घालून घ्यावींत: दोषामुळें झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीची जबाबदारी पुरवठादाराची, यंत्रांतील व्यवहाराची सर्व नोंद मागतांच खरेदीदारास मिळावी, आणि वाद उत्पन्न झाल्यास तो रत्नागिरीच्या न्यायालयांत चालावा. कलम लावतांना आपण रोपाची जात, खुंट व जोड नीट पाहून घेतों. कारण चूक झाली तर ती पांच-सात वर्षांनीं फळ धरल्यावर कळते. आज्ञावली घेतांना तितकीच पाहणी करारपत्राची व्हावी.